पहाटे चारचं पाणी : पेशंटची पूर्वओळख कशासाठी हवी?

काका रोज पहाटे पावणेचारला उठून बसत. दार शोधत, मोरीकडे जात, परत येत, दादाला हलवून उठवत. दादा म्हणजे रुग्णसेवकांच्या ब्युरोने पाठवलेला चोवीस तासांचा मुलगा, नांदेडकडचा, मुखेड तालुक्यातला. त्याची झोप होईना, काकांची होईना, आणि शेजारच्या खोलीत काकूची तर कधीच झाली नव्हती. डॉक्टरांनी झोपेची गोळी थोडी वाढवली. त्याने एवढंच झालं की पावणेचारला उठणारे काका आता झोकांड्या खात उठू लागले.

घरातल्या आम्हा शहाण्यांनी निदान करून टाकलं होतं. काका लालबागच्या गिरणीतले साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. रातपाळीची सवय, दुसरं काय! डोकं विसरलं तरी अंग विसरत नाही. मला हे इतकं पटलं होतं की दोघा-तिघांना मी ते रंगवून सांगितलंही. एक दिवस ते काकूच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "रातपाळी खंयची? ती लग्नाच्या आधी. चार वाजता पाणी येय."

चाळीत मजल्यावरच्या सामाईक नळाला पहाटे चारला पाणी यायचं, ते तासभर. रांग, कळश्या, नंबरावरून भांडणं. काकू त्या वेळी उठून खानावळीच्या चपात्यांना लागायची, म्हणून पाणी काकांकडे. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते भरलं. पिंप भरल्याशिवाय ते कधी परत आडवे झाले नाहीत. आता सातव्या मजल्यावरच्या, चोवीस तास पाणी असलेल्या फ्लॅटमध्ये ते नळाची रांग शोधत होते.

दादाने मोरीत रबरी मॅट टाकली, बसायला स्टूल ठेवलं आणि एक बादली. पावणेचारला काका उठले की त्यांना तिथे बसवायचं, नळ सोडायचा, अर्धी बादली भरली की म्हणायचं, "झालं पाणी, काका." बहुतेक रात्री ते पंधरा-वीस मिनिटांत परत झोपू लागले. सगळ्या रात्री नाही. पण वाढवलेली गोळी डॉक्टरांनी पुन्हा कमी केली.

आजारी माणूस आजारी पडण्याआधी कोण होता, कुठे वाढला, काय काम करत होता, काय खात होता, कशाला भीत होता, ही माहिती म्हणजे त्याची पूर्वओळख. ती विचारणं हे पाहुणचाराचं बोलणं समजलं जातं, तपासणीच्या आधीचं किंवा नंतरचं. माझं म्हणणं असं की ते तपासणीतच मोडतं.

केसपेपर काय विचारतो

नाव, वय, लिंग, पत्ता. मग तक्रार काय आणि कधीपासून. शुगर, बीपी, ऑपरेशन, अ‍ॅलर्जी, घरात कोणाला काय होतं. 'व्यवसाय' असा रकाना पुष्कळ ठिकाणी असतो, पण साठीपुढच्या माणसाला तिथे 'निवृत्त' लिहून मोकळे होतात. कशातून निवृत्त, ते कोणी लिहीत नाही. बायकांच्या रकान्यात 'गृहिणी'. काकूने बावीस वर्षं चौदा-पंधरा गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घातलं, चुलीपाशी आणि नंतर रॉकेलच्या स्टोव्हपाशी. तिच्या फुप्फुसांचा हिशेब 'गृहिणी' या शब्दात कसा मांडणार?

रामाझिनीचा प्रश्न

बर्नार्दिनो रामाझिनी हा इटलीतला वैद्य. मोदेना शहरात त्याच्या घरचा शौचकूप साफ करायला एक माणूस आला होता. तो भयंकर घाईने काम उरकत होता. घाई का, असं विचारल्यावर कळलं की या कामात जास्त वेळ राहिलं तर डोळ्यांची आग होते आणि पुढे दृष्टीच जाते. त्या प्रसंगातून रामाझिनी कामगारांच्या आजारांकडे वळला. १७०० साली त्याचा ग्रंथ निघाला. त्यात त्याने म्हटलं की हिपोक्रेटिसच्या परंपरेत वैद्याने रुग्णाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत आणखी एक घाला : तुम्ही काम काय करता?

गिरणगावात हा प्रश्न किती कामाचा आहे ते दोन उदाहरणांवरून कळेल. पहिलं छातीचं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत धूळ सगळ्यात जास्त, म्हणून आजारही तिथे जास्त. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस कामावर परतला की पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत सुरुवातीला ती हलकी होत जाते. बरीच वर्षं गेली की त्रास कायमचा मुक्काम करतो. काका साच्यावर लागण्याआधी काही वर्षं ब्लो रूममध्ये बदली कामगार होते. हे एका तरुण डॉक्टरने विचारून काढलं. 'गिरणीत होते' एवढ्यावर तो थांबला नाही, "कुठल्या खात्यात?" असं त्याने विचारलं. औषध फारसं बदललं नाही. पण काकांचा दमा बिडीमुळेच, असं काकू चाळीस वर्षं म्हणत आली होती आणि त्यावरून त्यांना बोलत आली होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

दुसरं कानाचं. साचा खात्यातला आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. शेकडो माग एकदम चालू, बाजूच्या माणसाशी खुणांनी बोलायचं. अशा आवाजात वर्षं काढली की आधी उंच पट्टीचे सूर ऐकू येईनासे होतात. माणसाला बोलण्याचा आवाज येतो, पण स, श, त, फ, क अशी अक्षरं विरून जातात. 'भात खाता का' आणि 'हात दाखवा' यांतला फरक त्याला लागत नाही. तो भलतंच उत्तर देतो आणि आपण म्हणतो, डोकं गेलं. यातलं डोक्याचं किती आणि कानाचं किती, हे वेगळं केल्याशिवाय कुठल्याही म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये. अशा माणसाशी ओरडून बोलून उपयोग नसतो, ओरडलं की आवाज उलट फाटतो. समोर यावं, तोंडावर उजेड असू द्यावा, पट्टी खालची ठेवावी, वाक्य छोटं करावं.

गाव कुठलं?

दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला गाव विचारतात. वैद्यांनाही हा प्रश्न नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, रुग्ण कसा पारखावा याचं सविस्तर विवेचन आहे. हा माणूस कुठल्या प्रदेशात जन्मला, कुठे वाढला, कुठे आजारी पडला, त्या प्रदेशातले लोक काय खातात, कसे वागतात, त्यांना काय मानवतं, हे सगळं बघायला तिथे सांगितलं आहे. रुग्णाची जी दहा अंगांनी परीक्षा करायची, त्यांतलं एक अंग 'सात्म्य', म्हणजे अंगवळणी पडून मानवलेलं. आजच्या आहारतक्त्यात हा रकाना नसतो. काकांच्या तक्त्यात सकाळी अकराला 'दोन पोळ्या, एक वाटी भाजी' होतं. दादा मन लावून घास भरवायचा आणि काका ताट सरकवायचे. 'जेवण नाकारतात' अशी नोंद झाली. खरी गोष्ट अशी की कुडाळकडच्या माणसाला अकराची वेळ पेजेची. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, सोबत काहीतरी खारट. मुखेडच्या मुलाने पेज जन्मात पाहिली नव्हती. ज्वारीची भाकरी हे त्याचं अन्न. पेशंटचं गाव विचारायचं तसं सेवा करणाऱ्याचंही विचारलं पाहिजे, नाहीतर दोघं एकाच ताटापाशी दोन वेगळ्या मुलखांत बसलेले असतात.

गावाचा प्रश्न अख्खं हॉस्पिटल बदलू शकतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात येत का नाहीत, असं त्यांनी त्यांनाच विचारलं. उत्तरं बाहेरच्या माणसाला सुचली नसती अशी होती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरं कापड आम्ही मढ्याला गुंडाळतो. सोबतच्या नातेवाइकांना राहू देत नाहीत. मग शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. यात औषधशास्त्र कुठेच नाही, पण पेशंट दारातच आला नाही तर औषधशास्त्र करणार काय?

स्मृतिभ्रंशात तर जास्तच

कुठल्याही आजारात पूर्वओळख कामाची असते. काकांना झाला त्या स्मृतिभ्रंशात मात्र तिच्यावाचून चालत नाही, कारण पेशंट ती स्वतः सांगू शकत नाही. भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने आजारी असल्याचा देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. यातली बहुतेक माणसं घरातच सांभाळली जातात. सून, मुलगी, बायको, आणि परवडत असेल तिथे ब्युरोची मावशी किंवा दादा.

या आजाराची पहिली गाजलेली फाईलच मुळात गप्पांची आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली, आउगुस्टे. डॉ. अलोइस अल्झायमर तिच्यापाशी बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेत. जेवताना ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाताय, असं विचारलं तर म्हणाली पालक. १९०६ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी अल्झायमरने तिच्या मेंदूतल्या बदलांबद्दल व्याख्यान दिलं. पुढची कित्येक दशकं जग त्या मेंदूकडे बघत राहिलं. ती गप्पांची फाईल हरवली ती १९९५ साली पुन्हा सापडली.

मेंदूवरून नजर माणसाकडे वळवणाऱ्यांत ब्रॅडफर्ड विद्यापीठातला टॉम किटवुड मोठा. १९९७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाने पाश्चात्त्य देशांतल्या सेवाकेंद्रांची भाषा बदलली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : स्मृतिभ्रंश झालेला माणूस आज जसा दिसतो त्याला मेंदूची हानी एकटी जबाबदार नसते. तिच्यात त्याचा मूळ स्वभाव, आजवरचं आयुष्य, एकूण प्रकृती आणि भोवतालची माणसं त्याच्याशी कसं वागतात, हे सगळं मिळवावं लागतं. पहिल्या गोष्टीवर आपला इलाज नाही. शेवटची मात्र आपल्या हातात आहे, आणि आयुष्य माहीत असेल तर ती नीट करता येते.

भोवतालची माणसं वाईट हेतू नसतानाही कशी इजा करतात याची किटवुडने यादीच केली. पेशंटला लहान मूल समजणं, त्याच्या वेगापुढे धावणं, तो समोर असताना त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणं, त्याच्यावर शिक्का मारणं. आपल्याकडची रूपं ओळखीची आहेत. "आ करा बघू, शाब्बास!" "यांना काय कळत नाही, तुम्ही सांगा." "सात नंबर बेड फार त्रास देतो." गिरणी संपात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या माणसाला "गुड बॉय" म्हटलं आणि त्याने हात झटकला, तर केसपेपरवर 'आक्रमक' लिहिलं जातं.

पानभर ओळख

ब्रिटनच्या अल्झायमर्स सोसायटीने यासाठी एक छोटी पत्रिका केली आहे, पेशंटने किंवा घरच्यांनी भरायची. 'हा मी असा आहे' असा तिचा सूर. आपल्याला छापील पत्रिकेची गरज नाही. एका पानावर, मोठ्या अक्षरात, सेवा करणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत लिहावं. दोन पानं झाली की कोणी वाचत नाही. ब्युरोची माणसं दर काही महिन्यांनी बदलतात आणि प्रत्येक बदलीला पेशंट नव्याने अनोळखी होतो. पान लिहायचं ते मुख्यतः यासाठी.

काकांच्या पानावरच्या काही ओळी अशा होत्या :

"डाव्या कानाने थोडं जास्त ऐकू येतं. त्या बाजूला बसा."

"आंघोळ गरम पाण्याने, स्वतःच्या तांब्याने. शॉवर सोडला की घाबरतात."

"शर्टाच्या खिशात किल्ली आणि पास लागतो. जुना पास ड्रॉवरमध्ये आहे, तो खिशात ठेवा."

"चष्म्याशिवाय जेवायला बसवू नका. माशाचे काटे स्वतः काढतात, पण आता लक्ष ठेवा."

"कंटाळले की सुतळी किंवा दोरा द्या. गाठी मारत बसतात."

ही शेवटची ओळ मला फार आवडते. तुटलेला धागा सांधायची साचेवाल्यांची एक खास गाठ असते, बारीक आणि घट्ट. मुलाचं नाव विसरलेल्या काकांची बोटं ती गाठ बरोबर मारत. हाताने शिकलेल्या गोष्टी, तोंडपाठ झालेल्या गोष्टी आणि सूर-ताल पुष्कळांच्या बाबतीत उशिरापर्यंत टिकतात. चाळीतल्या भजनी मंडळात काका टाळ धरायचे. आवाज जेमतेम उरला होता तरी टाळ हातात दिला की ठेका चुकत नसे. तेव्हा पानावर 'आवडी'खाली नुसतं 'संगीत' लिहून काही कळत नाही. कोणतं, कुठे ऐकलेलं, सोबत हातात काय असायचं, ते लिहावं.

आणखी काय? कोणत्या नावाने हाक मारलेली चालते : गिरणीत आडनावाने, वाडीत वेगळ्याच नावाने, आणि आजारपणात कधी कधी फक्त वाडीतल्या नावालाच 'ओ' मिळते. बोली कोणती. देवपूजा करतात का, उपास धरतात का. दुखतं तेव्हा बोलतात की गप्प होतात. परक्या माणसाकडून, त्यातही परक्या बाईकडून किंवा पुरुषाकडून, अंग पुसून घ्यायला संकोच वाटतो का. आणि कोणता विषय काढू नये.

कोणाला विचारावं, कसं विचारावं

मुलांना वडिलांचं आयुष्य कमी माहीत असतं. हे वाचून कोणाला राग येईल, पण पान भरायला बसा म्हणजे पटेल. बायकोला जास्त माहीत असतं आणि तिलाच सगळ्यात शेवटी विचारलं जातं. बहिणी, चाळीतले शेजारी, कामावरचा एखादा सोबती यांना फोन करावा. शक्यतो आजार पहिल्या पायरीवर असतानाच, पेशंटलाच विचारावं. त्याचं आयुष्य आहे, पहिला हक्क त्याचा.

प्रश्नपत्रिका घेऊन बसू नये. "बालपण कसं होतं?" या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. "पहिला पगार किती होता?" "पावसात गावी कसे जायचात?" असं विचारलं की गाडी सुरू होते. वस्तू हातात द्यावी. जुना डबा, बोनसची पावती, लग्नातला फोटो. "मला ओळखलंत का?" हा प्रश्न मात्र कधीच विचारू नये. आल्या आल्या प्रत्येक पाहुणा तो विचारतो आणि पेशंटला रोज नापास करतो. स्वतःच सांगावं, "मी अमकी, तुमची पुतणी."

आजाराबद्दल घरात काय समजूत आहे, हेही विचारण्यासारखं. आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर १९७८ साली डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले : याला तुम्ही काय म्हणता? कशामुळे झालं असं वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? आमच्याकडे याला 'म्हातारचळ' म्हणत. काकूला मनातून वाटत होतं की गावच्या देवाचा मान द्यायचा राहिला. तिने ते दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही, हसतील म्हणून. एका सिस्टरने सहज विचारलं तेव्हा बोलली. मग गावी गाऱ्हाणं घातलं गेलं आणि इकडे गोळ्याही चालू राहिल्या. त्यानंतर काकू गोळ्या वेळेवर देऊ लागली, याची नोंद कुठल्या फाईलमध्ये नाही.

"माका घराक जावचा आसा"

दिवेलागणीला काका दाराशी जाऊन उभे राहत आणि हे म्हणत. तिन्हीसांजेची ही बेचैनी स्मृतिभ्रंशात सर्रास दिसते. दिवसभराचा थकवा, उतरता उजेड, लांबलेल्या सावल्या, बिघडलेलं झोपेचं घड्याळ अशी बरीच कारणं त्यात मिसळलेली असतात. घरच्यांचं ठरलेलं उत्तर, "अहो, हेच घर आहे आपलं." त्याने वाद वाढतो.

चाकरमान्यांची भाषा ज्याला माहीत आहे त्याला इथे एक गोष्ट लगेच कळेल. चाकरमान्याचं मुंबईत घर नसतं, खोली असते. घर म्हणजे गावचं. पन्नास वर्षं लालबागला काढली तरी 'घराक' म्हणजे कुडाळला. काका फ्लॅट नाकारत नव्हते, ते बरोबर बोलत होते. दादाने हे समजून घेतल्यावर तो विचारू लागला, "घराकडे पाऊस लागला का? आंब्याला मोहर आला का?" दाराशी उभे राहून दहा मिनिटं गावच्या गप्पा झाल्या की दोघं परत आत येत. दिवे थोडे आधी लावायचे आणि त्याच वेळेला चहा द्यायचा, हेही त्याने आपणहून ठरवलं.

दुसरा नाजूक प्रश्न संपाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. काकांची गिरणी नंतर नीट चाललीच नाही. आजारपणात ते मधूनच विचारत, "संप मिटलो काय?" चुलतभावाचं मत, मिटला म्हणून सांगावं. माझं मत, खोटं बोलू नये. आम्ही दोघं पाळीपाळीने उत्तरं देत होतो आणि काका दोघांकडे संशयाने बघत होते. दादाचं उत्तर तिसरंच : "अजून नाही, काका." ते ऐकून काका समजल्यासारखी मान हलवत. हा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण त्याचं उत्तर इतिहासाला धरून होतं. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

ओळख की शिक्का?

आम्ही 'रातपाळी' म्हणालो तो शिक्का होता. काकू 'पाणी' म्हणाली ती ओळख. जात, धर्म, गाव, धंदा यांवरून माणूस ताडायची आपल्याला इतकी सवय आहे की पूर्वओळख विचारताना ती हमखास डोकं वर काढते. कोकणातला म्हणजे मासे आवडणार, वारकरी घरातला म्हणजे अभंग लावा, मुसलमान म्हणजे हे चालणार नाही, शिक्षिका होती म्हणजे शिस्तीची असणार. यातलं काही खरं निघेल, काही साफ खोटं. गाव आणि धंदा यांच्यावरून प्रश्न सुचावेत, उत्तरं माणसाकडून यावीत. पुष्कळ माणसं तर आयुष्यभर स्वतःच्या पूर्वओळखीपासून पळालेली असतात. गाव सोडलेल्या, नवरा सोडलेल्या, जात सांगायची नाही म्हणून आडनाव बदललेल्या माणसाला म्हातारपणी जबरदस्तीने तिकडे नेऊ नये.

म्हणूनच पानावर काय लिहायचं नाही, हेही ठरवावं लागतं. पैशाचे व्यवहार, कोर्टकचेरी, घरातली जुनी भांडणं यांची सेवा करणाऱ्याला गरज नसते. गरज असलीच तर कारण न सांगता 'धाकट्या भावाचा विषय काढू नका' एवढं पुरतं. पान भिंतीवर लावू नये, फाईलमध्ये ठेवावं, आणि त्याचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नये.

पूर्वओळख कुठे पुरत नाही

वागणं एक-दोन दिवसांत एकदम बदललं, माणूस अचानक गुंगीत गेला, भलतंच बरळू लागला, भास होऊ लागले, तर आयुष्यात कारण शोधत बसू नये. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, नवं औषध, कुठेतरी दुखणं, अशी कारणं असतात आणि त्यांना डॉक्टर लागतो, त्याच दिवशी. पूर्वओळखीचा इथे एवढाच उपयोग की 'हे नेहमीचं नाही' असं घरचा माणूस ठामपणे सांगू शकतो.

काकांना न्यूमोनिया झाला तेव्हा असंच झालं. एका हॉस्पिटलात पहिल्या रात्री त्यांचे हात कॉटला बांधले होते, सलाइन ओढतात म्हणून. कवळी, चष्मा आणि पास पिशवीत, पिशवी काकूकडे, काकू बाहेर. सकाळी ड्युटी बदलली. नव्या सिस्टरने फाईल उघडली आणि वरच लावलेलं पान वाचलं. तिने डाव्या बाजूला येऊन त्यांना हाक मारली, चष्मा लावला, पास खिशात ठेवला आणि सुतळीचा एक तुकडा हातात दिला. हात सोडले. सलाइन त्यांनी त्यानंतरही एकदा ओढलंच, पण दिवसभरात एकदाच.

पुढे सोयाबीन काढायला दादा गावाकडे गेला तो तिकडेच राहिला. त्याच्या जागी आलेल्या मुलाला पान द्यायला म्हणून काढलं तर खाली पेन्सिलीने एक ओळ वाढवलेली दिसली : "बादली निळीच द्या. लाल दिली तर पाणी भरत नाहीत." काकूला विचारलं, का म्हणून. तिलाही माहीत नव्हतं.